टोकनांचा पैरा

पालीच्या गोदामात टेबलावर एक पेटी होती. पेटीत चार डझन, म्हणजे अठ्ठेचाळीस आंबे होते. सगळे एका मापाचे, एकावरही डाग नाही, आणि वास खोलीभर पसरलेला. ऋजुताने ते एकेक करून कापले. सतरा आंब्यांत साका निघाला. साका म्हणजे कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा झालेला आंबट गर. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही.

पेटी निलेशच्या बागेतली होती आणि कोल्हापूरहून परत आली होती. तिथे एका घरी बारसं होतं. पाहुण्यांसाठी फोडी करायला घेतल्या, तेव्हा पहिल्या पेटीतच घरच्यांची शोभा झाली. त्यांनी दुसरी पेटी तशीच परत पाठवली आणि सोबत निरोप दिला: तुमच्या यादीत हा बागायतदार पहिला आहे, म्हणून आम्ही त्याला निवडलं. यादीला अर्थ नसेल, तर आमची कॉलनी पुढच्या वर्षी तुमच्या गटाकडून आंबा घेणार नाही.

यादी ऋजुतानेच उभी केली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती गावी परतली होती आणि चौदा बागायतदारांच्या गटाची ऑनलाइन विक्री सांभाळत होती. साका बाहेरून दिसत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला विश्वासावरच घ्यावं लागतं. तो विश्वास मोजता यावा म्हणून गटाने क्रिप्टो टोकन सुरू केलं. आंबा खाऊन समाधान झालं, की गिऱ्हाइकाने बागायतदाराला एक टोकन द्यायचं. ते पैशाने विकत मिळत नसे. त्याची नोंद ब्लॉकचेनवर होई, ती सगळ्यांना दिसे आणि कुणालाही पुसता येत नसे. शिवाय एका बागायतदाराला दुसऱ्याच्या आंब्याची खात्री असेल, तर तो आपल्याकडची टोकनं त्याला देऊ शकत असे. ज्याच्याकडे जास्त टोकनं, तो यादीत वर.

निलेशकडे दोनशे चाळीस होती. गिऱ्हाइकांनी दिलेली त्यांतली त्रेपन्न. बाकीची शेजाऱ्यांची.

यात त्याला काही लपवायचं नव्हतं. लावणीच्या वेळी आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या शेतात सगळे, असा पैरा गावात चालतोच. निलेशने टोकनांचाही पैरा लावला होता. या पंधरवड्यात सगळ्यांनी आपली काही टोकनं एकाला द्यायची, तो वर गेला की त्याचा माल खपणार. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्याचा नंबर. फक्त मालनवहिनी यात आल्या नाहीत. त्यांची पंधरा कलमं. ज्याचा आंबा आपण चाखला नाही, त्याला टोकन कसं द्यायचं, असं त्या म्हणाल्या, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना चिकट म्हणून हसण्यावारी नेलं. त्यांच्याकडे एकसष्ट टोकनं होती, सगळी गिऱ्हाइकांची, आणि यादीत त्या तळाला होत्या.

निलेश गोदामात आला आणि टेबलाकडे बघून म्हणाला, "काय गो ऋजुता, सगळा आंबा कापून टाकलास? साका काय मी आत शिरून भरला?"

उमाकाकू तिथेच पेट्यांत गवत घालत होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या स्वतःची बाग बघत. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, की घरी खायला ठेवलेल्या आंब्यांचं काय झालं. निलेश म्हणाला, घरीही साका निघाला होता. पण नंबर त्याचा होता, आणि पुढच्या पंधरवड्यात तो गेला असता.

"म्हणून पाठवलास?"

"काकू, एकमेकांना हात द्यायचा नाय, तर गाव कशाला म्हणायचं? पैऱ्यात काय वाईट हाय?"

"पैऱ्यात काहीच वाईट नाही," काकू म्हणाल्या. "तू माझ्या शेतात यायचास तेव्हा गुडघाभर चिखलात उभा राहायचास. संध्याकाळी भात लागलेलं असायचं. टोकन देताना तुझे पाय कुठल्या चिखलात गेले? आणि लागलं काय?"

निलेशने कापलेली एक फोड उचलली, बघितली आणि खाली ठेवली.

"टोकनं परत केली तर तीही नोंद राहणार ना?" त्याने ऋजुताला विचारलं. "सगळ्यांना दिसणार."

"दिसेल, दादा."

"दिसू दे की," काकू म्हणाल्या. "घेतलेली दिसतायत, तशी परत केलेलीही दिसतील."

एकशे सत्त्याऐंशी टोकनं निलेशने तिथेच बसून परत केली. पहिला होता, तो शेवटचा झाला. मालनवहिनी त्याच्या वर गेल्या. "आता बाकीचे मलाही चिकट म्हणतील," एवढंच तो म्हणाला.

गटाने नियम बदलला. दुसऱ्याची खात्री द्यायची, तर आपली टोकनं पणाला लावायची. त्याचा माल खराब निघाला, तर ती आपलीही जाणार. निलेश मालनवहिनींच्या बागेत गेला, आंबा खाल्ला आणि दहा टोकनं त्यांच्यासाठी पणाला लावली. त्यांच्या कलमांखाली पालापाचोळ्याचा जाड थर होता, म्हणून कातळाची तापलेली जमीन फळाला भाजत नव्हती आणि साका धरत नव्हता. आंबाही त्या वेळेवर उतरवत. निलेशने तेच करायचं ठरवलं. झालेलं सगळं कोल्हापूरला कळवलं, तेव्हा तिकडून उत्तर आलं, की पुढच्या मोसमात एक पेटी कापून दाखवा, मग बघू.

आपणही रोज कुणाला तरी पाच तारे देतो, कुणाच्या तरी जेवणाची, घराची, हुशारीची ग्वाही देतो, ओळखीपोटी, भिडेपोटी. तंत्रज्ञान ती ग्वाही जपून ठेवील. ती खरी असेल याची काळजी मात्र आपणच घ्यायला हवी, कारण तिच्यावर विसंबून कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या पाहुण्यांसमोर ताट ठेवत असतो.

पुढच्या मे महिन्यात, कोल्हापूरच्या मंडळींसमोर, ऋजुताने निलेशच्या बागेतली एक पेटी कापली. आंबे अठ्ठेचाळीस. साका दोन आंब्यांत निघाला.