जसं आहे तसं

भैय्याजींनी फिल्मचा पट्टा उजेडाकडे धरला आणि त्यात हनुमान शोधू लागले. हनुमान नव्हता. टोपी घातलेला एक गोरा माणूस होता. पुढच्या चौकटीतही तोच होता, त्याच्या पुढच्याही.

"चिंधू," ते म्हणाले, "हे काय आणलं बे?"

"टेशनवर उतरलं ते आणलं," मशीन चालवणारा चिंधू म्हणाला. "डब्यावर नाव आपलंच होतं."

डब्यांवर नाव रोहणा गावाचंच होतं, आतला सिनेमा दुसऱ्या कोणाचा तरी होता. पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीने सकाळी पाच डबे आले होते. आता ते बदलून मिळायचे तर मंगळवार उजाडला असता. १९७६च्या सप्टेंबरातला रविवार होता. कापूस यायला दोन महिने होते. तोवर भैय्याजींच्या जिनिंगची शेड रिकामी असे आणि ते तिच्यात सिनेमा दाखवत. पत्र्याच्या भोकांना डांबर फासलं, खिडक्यांना पोती ठोकली की भर दिवसाही अंधार होई. हनुमानाच्या सिनेमाची, बारा आणि चार अशा दोन खेळांची, दवंडी झाली होती. काही बाया नारळ घेऊन आल्या होत्या.

"तिकिटं वापस घ्या," चिंधू म्हणाला.

 भैय्याजी चप्पल घालून तडक प्रभाकररावांच्या घरी गेले.

प्रभाकरराव गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांनी पडद्याशेजारी टेबल घेऊन बसायचं आणि माइकमधून गोष्ट सांगायची, एवढंच काम होतं. सिनेमा आधी पाहून घ्यायला वेळ नव्हता.

"गोऱ्यायची नावं कोनाच्या ध्यानात राहत नाई, सर," वाटेत भैय्याजी म्हणाले. "आपली देजा."

पडद्यावर धुकं होतं. कालवा, ओला दगडी रस्ता, एक अरुंद घर. सगळं काळं-पांढरं. घरात घड्याळं दुरुस्त करणारा एक मवाळ माणूस आणि त्याची बायको राहत होती. वरच्या खोलीत एक वयस्कर भाडेकरू होता. छापखान्यातले खिळे तपासावेत तसा तो प्रत्येक वस्तू डोळ्यांजवळ नेऊन पाही.

"हा घड्याळवाला रामाजी," प्रभाकरराव माइकमध्ये म्हणाले. "ही त्याची बायको सुलोचना. अन् वरत राहते तो अण्णाजी."

"अबे, मले काऊन गोरा केला?" मागून रामाजी न्हावी ओरडला. शेडभर हशा पिकला.

"तोंड धूत जा रोज, तूही होशीन," कोणीतरी म्हणालं.

प्रभाकररावांना मजा वाटू लागली. वर्गात कोणी त्यांचं इतकं ऐकत नसे. ते नवऱ्याचा आवाज मऊ काढत, बायकोचा चढा. मशीन एकच होतं, म्हणून रीळ बदलताना पडदा पांढरा होई. तेवढ्या वेळात ते विलायतेत धुकं का पडतं ते सांगत. माणसं गोणपाटावर बसली होती, बाया डाव्या बाजूला दोरीपलीकडे. पहिल्या रांगेत चार खुर्च्या होत्या. त्यांतल्या एकीवर शाळेच्या संस्थेचे सचिव किसनराव मांडीवर गमछा ठेवून बसले होते.

दुसऱ्या डब्यात सुलोचना कालव्यात बुडाली. बुडताना ती दिसली नाही. दिसलं ते एवढंच: वरच्या खोलीत अण्णाजी काचेवरचं धुकं बाहीने पुसतो आहे. खाली नवरा एकटाच कालव्याकडे येतो. कोटातून बायकोचे बूट काढतो आणि काठावर शेजारी शेजारी ठेवतो, पोहायला उतरलेल्या माणसाने ठेवावेत तसे. एक बूट वाकडा पडतो. तो वाकून नीट करतो.

प्रभाकररावांचा आवाज थांबला.

"सांगा ना सर, काय म्हनून राह्यला तो?"

"काही म्हणत नाही," प्रभाकरराव म्हणाले. "अण्णाजी खिडकीत उभा आहे. धुकं पाहून राह्यला."

"धुकं कायचं? त्यालेच पाहून राह्यला तो!"

दोरीपलीकडे आनंदाबाई बसली होती. तिची मुलगी नलू गावातच दिलेली होती, किसनरावांना. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, भर दुपारी, नलू किसनरावांच्या वाडीतल्या विहिरीत सापडली. चपला काठावर होत्या, घागर तळाशी. पाणी काढताना तोल गेला असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. प्रभाकरराव तेव्हा वाडीला लागूनच्या माडीवर भाड्याने राहत आणि त्यांची खिडकी विहिरीकडे होती. आपण उत्तरपत्रिका तपासत होतो, उन्हामुळे खिडकी बंद होती, असा जबाब त्यांनी दिला. पंच म्हणून सहीही केली. तेराव्यानंतर आनंदाबाई माडीचा जिना चढून आली होती. तिलाही त्यांनी तेच सांगितलं. जूनमध्ये त्यांना नोकरीत कायम केल्याचा कागद मिळाला. खाली सचिवांची सही होती. त्याआधी अकरा वर्षं ते दर एप्रिलला नोकरीतून सुटत आणि दर जूनला नव्याने लागत.

तिसऱ्या आणि चौथ्या डब्यात फारसं काही घडत नव्हतं. अण्णाजीने पाहिलं हे घड्याळवाल्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे अण्णाजीला. घड्याळवाला धमकी देत नव्हता. रोज संध्याकाळी तो ट्रेमध्ये चहा घेऊन जिना चढे, समोर बसे आणि अण्णाजी पिऊन होईपर्यंत थांबे. माणसं चुळबुळू लागली. एक म्हातारा उठून विडी ओढून आला.

"पिऊ नको रे बाबा," एक बाई अण्णाजीला म्हणाली. "काई टाकलं असन त्यात."

"काही टाकलेलं नाही," प्रभाकरराव म्हणाले. "नुसता चहा आहे."

पाचव्या डब्यात कोर्ट होतं. अण्णाजी साक्षीसाठी उभा राहिला. त्याने चष्मा पुसला. वकिलाने विचारलं, आणि तो सावकाश, सलग बोलू लागला. साधं इंग्रजी होतं, नववीच्या वर्गालाही कळलं असतं. आपण काही पाहिलं नाही, असं तो सांगत होता. पडदे लावलेले होते, मी वाचत बसलो होतो.

प्रभाकररावांनी माइक जवळ घेतला.

"मी पाह्यलं," ते म्हणाले.

चुळबूळ थांबली. तिथे एक सरळ वाक्य बोललं गेलं होतं, नाटकी आवाज न काढता.

"खिडकी उघडी होती. उन्हाचे दोन वाजले होते. बाई अनवाणी गेली होती विहिरीवर. तो तिच्या मागून गेला अन् एकटा घरी आला. मग पुन्हा गेला. चपला त्यानं गमछ्यात गुंडाळून आणल्या. डाव्या चपलेच्या अंगठ्याले पिन लावली होती. ती चपल उलटी पडली, ती त्यानं पायानं सरळ केली. मंग वर पाह्यलं. मी खिडकीतच होतो."

पडद्यावर कोर्ट जाऊन पुन्हा धुकं आलं होतं, कालवा होता, बूट होते. कोणी हरकत घेतली नाही. पहिल्या डब्यापासून प्रभाकरराव गोऱ्यांना आपल्या गावचे करून सांगत होते, हेही त्यातलंच वाटलं. दोरीपलीकडे आनंदाबाई उभी राहिली. मागच्यांनी तिला पदर ओढून खाली बसवलं. किसनराव हलले नाहीत. मांडीवरच्या गमछ्याची त्यांनी आणखी एक घडी घातली.

पडद्यावर घड्याळवाला सुटला. कोर्टाच्या पायऱ्या उतरून त्याने टोपी घातली.

"असं कसं?" रामाजी न्हावी ओरडला. "एवढं सांगूनही सुटला?"

"कोर्टानं मानलं नाही," प्रभाकरराव म्हणाले आणि माइक बंद केला.

दोन खेळांमध्ये तासाभराचा वेळ होता. प्रभाकरराव टेबलाशीच बसून राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. अंगात हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. आता कोणीतरी येईल असं त्यांना वाटत होतं. आले ते किसनराव. घर जवळच होतं. ते स्वतः कपबशी धरून आले होते, काठावर हिरव्या वेलीची. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि समोरची खुर्ची ओढली.

"घ्या सर. घसा बसला असन."

प्रभाकररावांनी कप उचलला.

"चांगलं सांगतलं तुमी. मानसं खूश हायेत." किसनरावांनी पडद्याकडे पाहिलं. "मले इंग्रजी येत नाई. पन त्या बाईचे बूट होते ना? तुमी चपला म्हनलं."

"म्हटलं असेल. आपल्या लोकांना समजावं म्हणून."

"पिन लावलेली."

प्रभाकररावांनी कप तोंडाला लावला.

"अन् तो सुटला. मंग त्या म्हाताऱ्यानं असं काई सांगतलं नसनच. मास्तर मानसानं चुकीचं सांगू नये. पोरं ऐकतेत." त्यांचा आवाज मऊच होता. "चारच्या खेळाले बराबर सांगजा. जसं हाये तसं. त्याच्यापेक्षा जास्त मी काई म्हनत नाई."

कप रिकामा होईपर्यंत ते बसून राहिले. मग कप तिथेच ठेवून गेले.

चारला शेड पुन्हा भरली. बारालाच येऊन गेलेले निम्मे लोक परत आले होते. सरांचं सांगणं झकास आहे अशी बातमी पसरली होती. प्रभाकररावांनी दोरीपलीकडे पाहिलं. आनंदाबाई या वेळी बायांत नव्हती. ती दोरीच्या अलीकडे, माणसांमध्ये बसली होती, आणि तिच्या शेजारी पोलीस पाटील रूपराव होते. नलूची पहिली खबर त्यांनीच लिहिली होती. त्यांचं वय झालं होतं, कानाला हात लावून ते ऐकत. आनंदाबाईने त्यांना माइकच्या भोंग्याखालीच आणून बसवलं होतं.

"पाटील, तुमी कवापासून विलायती पाह्यले लागले?" भैय्याजींनी विचारलं.

"हे म्हनते चला, म्हनून आलो," रूपराव म्हणाले. "काय आयकवाचं हाये ते आयकवू दे म्हनलं."

धुकं आलं. घर आलं. प्रभाकररावांनी रामाजी, सुलोचना, अण्णाजी अशी नावं दिली. हशाही झाला. बूट काठावर ठेवले गेले. "अण्णाजी पाहतो आहे," ते म्हणाले. ते खरंच होतं. चहाचे ट्रे जिना चढत राहिले. आनंदाबाई पडद्याकडे पाहत नव्हती. ती टेबलाकडे पाहत होती. पाचवा डबा लागला तेव्हा तिने रूपरावांच्या दंडाला हात लावला.

"आता," ती म्हणाली.

अण्णाजी उभा राहिला. चष्मा पुसला. पहिल्या रांगेत किसनराव गमछ्याने वारा घेत होते.

या वेळी प्रभाकररावांनी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले. "पडदे लावलेले होते. मी वाचत बसलो होतो. त्या बाईशी माझी फारशी ओळख नव्हती. ती बरी होती, असं लोक म्हणतात."

"ओ सर!" रामाजी न्हावी उठून उभा राहिला. "दुपारी तं अलगच सांगतलं होतं! चपला, गमछा..."

"दुपारी चुकलं," प्रभाकरराव माइकमध्ये म्हणाले. "हे बरोबर आहे."

भोंग्यातून ते सगळ्या शेडला ऐकू गेलं. रूपरावांनी कानावरचा हात काढला. त्यांनी आनंदाबाईकडे पाहिलं, मग काठी शोधली.

"पिक्चर होता बाई तो," ते म्हणाले. "चाल."

ती उठली नाही. घड्याळवाला पायऱ्या उतरला, टोपी घातली, पडदा पांढरा झाला. पोती काढल्यावर संध्याकाळचं ऊन आत आलं. भैय्याजींनी येऊन प्रभाकररावांचा हात हातात घेतला. मंगळवारी हनुमान येईल, पण आठवड्यातून एकदा असा इंग्रजी ठेवायला हरकत नाही, असं ते म्हणाले. चिंधू रीळ उलटं गुंडाळू लागला. किसनराव जाताना थांबले नाहीत, नुसती मान हलवली.

प्रभाकररावांनी माइकची वायर कोपराभोवती गुंडाळली. टेबलावर कपबशी राहिली होती. ती परत द्यायला हवी होती. नळावर धुऊन, हातात घेऊन ते दाराकडे निघाले.

दारात आनंदाबाई उभी होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "खिडकी खरंच बंद होती काय?"

"कोणाची?"

 ती त्यांच्या हाताकडे पाहत होती. मग तिने बोट पुढे केलं आणि कपाच्या काठावरच्या हिरव्या वेलीला लावलं.

"नलूच्या आंदनातला हाये हा," ती म्हणाली. "सहा देल्ले होते मी."

आणि त्यांना जायला वाट देत ती बाजूला झाली.