जो आकडा मला सांगितलाच नाही

मित्रांनो, मी बेरीज-वजाबाकी करणारे एक जुने यंत्र आहे. हवाई बेटांवरच्या होनोका गावात सगळे मला ॲडिंग मशीन म्हणतात. माझ्या डोक्यावर कागदाची गुंडाळी असते. कळ दाबली की आकडा त्या पट्टीवर उमटतो, जमा असेल तर काळा आणि वजा असेल तर लाल. आता माझी शाईची फीत इतकी वाळली आहे की दोन्ही रंग करडेच दिसतात. पण मी आजवर एकही बेरीज चुकलेले नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. माझ्यासमोर एक मोठी चूक झाली, आणि त्या दिवशीही माझे सगळे आकडे बरोबर होते, म्हणून सांगते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बसून मी बोटीने हिलो बंदरात आले आणि तिथून होनोकाच्या साखर कारखान्याच्या कचेरीत. उसाचे टन आणि मजुरांचे पगार मी मोजत असे. दोन कारकुनांच्या बेरजा जुळल्या नाहीत की थोरले हिशेबनीस म्हणायचे, "भांडू नका, मशीनला विचारा." तेव्हा मला फार बरे वाटायचे. त्या कचेरीत पेर्लिता नावाची एक तरुण कारकून होती. तिची बोटे माझ्या कळांवर अशी चालत की ती खिडकीबाहेर बघत गप्पा मारत असली तरी आकडा चुकत नसे.

मग कारखाना बंद पडला. उसाची शेवटची गाडी फुलांनी सजवून गावातून नेली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे रडली. कचेरीतले सामान विकायला काढले, तेव्हा पेर्लिताने तीन डॉलर देऊन मला घरी आणले. मळ्यातली माणसे समुद्राकाठच्या हॉटेलांत कामाला लागली. पेर्लिता कराचे कागद भरायला शिकली. गाडी लावायच्या शेडमध्ये तिने टेबल मांडले, त्यावर मी. फेब्रुवारी ते एप्रिल शेडच्या दारात चपलांचा ढीग पडलेला असे. तरुणांकडून ती वीस डॉलर घेई. म्हाताऱ्यांकडून वांगी, कारली, नाहीतर शेवग्याचा पाला.

त्या म्हाताऱ्यांत कासियानो आणि सालुद अगबायानी हे जोडपे होते. फिलिपिन्सच्या इलोकोस भागातून इथे आलेल्या इलोकानो लोकांत थोरल्या पुरुषाला मानोंग म्हणतात, थोरल्या बाईला मानांग आणि धाकट्याला आदिंग. कासियानो हॉटेलच्या बागेत काम करी, सालुद त्याच हॉटेलात चादरी धुण्याच्या विभागात. पहाटे चारच्या बसने दोघे जात. निवृत्त होण्याचे वय उलटून गेले होते, पण त्यांना थांबता येत नव्हते. त्याचे कारण मला ठाऊक होते, कारण त्याचा आकडा दर वर्षी माझ्या पट्टीवर उमटत असे.

त्यांची एकुलती मुलगी नेनिता चौतिसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने आजारी पडली. उपचार होनोलुलूला होते. विम्याने जेवढे द्यायचे तेवढे दिले, आणि पुढच्यासाठी दोघांनी राहते घर तारण ठेवून नव्वद हजारांचे कर्ज काढले. तीन वर्षे नेनिता झुंजली आणि गेली. कर्ज राहिले.

आमच्याकडे उत्पन्नावर दोन कर भरावे लागतात, एक वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला आणि एक आमच्या राज्याला, म्हणजे हवाईला. घरावरच्या कर्जाचे व्याज उत्पन्नातून वजा करता येई. त्यामुळे पगारातून कापलेल्या करातले साडेचारशेच्या आसपास डॉलर राज्याकडून दर वर्षी परत येत. पेर्लिता बेरीज मारायची, मी तो आकडा छापायचे, आणि सालुद म्हणायची, "नेनितानं पाठवले."

मग वॉशिंग्टनने कायदा बदलला. घर घ्यायला किंवा बांधायला काढलेल्या कर्जाचेच व्याज आता वजा होणार होते. मुलीच्या आजारपणाला काढलेल्या कर्जाचे होणार नव्हते.

त्या मार्चमध्ये दोघे आली तेव्हा सालुदने केस विंचरून वर बांधले होते. तिच्या हातात पाल्याची जुडी होती आणि चेहऱ्यावर हसू.

"आदिंग, यंदा नीट मोज गं," ती बसता बसता म्हणाली. "मला गावी जायचंय."

"हिला विमानात बसायचंय," कासियानो म्हणाला. "आणि तेही खिडकीपाशीच. खाली समुद्राशिवाय काही दिसत नाही म्हटलं, तर ऐकत नाही."

"ए म्हाताऱ्या, तू गप बस. तुला कोण नेतंय? सामान उचलायला पाहिजे म्हणून तिकीट काढतेय तुझं."

इलोकोसला सालुदची धाकटी बहीण होती, रुफिना. तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी नाताळपर्यंतच दिसेल असे सांगितले होते. दोघी बहिणींची भेट होऊन एकवीस वर्षे झाली होती.

"तिनं मला एकदा बघावं, एवढंच आहे," सालुद म्हणाली. "फोनवर म्हणते, मानांग, तू मला अजून काळ्या केसांचीच आठवतेस. मी म्हटलं, थांब, तुझी नजर जायच्या आत येते. केवढी म्हातारी झालेय ते बघून घे."

साठवलेल्या पैशांत चारशे दहा डॉलर कमी पडत होते. हिलोची तिकीटवाली ओळखीची होती. राज्याचा परतावा येणार असेल तर तो हातात येईपर्यंत ती थांबायला तयार होती. महिनाअखेर मात्र स्वस्त तिकिटे संपणार होती.

पेर्लिताने कागद पुढे ओढले. वॉशिंग्टनच्या फॉर्मवर व्याजाच्या ओळीपाशी ती थांबली. नवा नियम तिला पाठ होता. तिने ती ओळ कोरी सोडली. मग राज्याचा फॉर्म घेतला आणि तिथेही ती ओळ कोरी सोडली. राज्याची माहिती-पुस्तिका कोपरापाशीच होती. बाहेर अजून सहा जण ताटकळत होते. तिने ती उघडली नाही.

तिने जे आकडे दिले ते मी छापले आणि खाली बेरीज मारली. राज्याचा परतावा, अडतीस डॉलर.

"अडतीस?" कासियानोने विचारले.

"कायदा बदललाय, मानोंग. त्या कर्जाचं व्याज आता धरत नाहीत."

"पण व्याज तर आम्ही भरलंय."

"भरलंय. पण आता चालत नाही."

"पुन्हा एकदा बघशील का, आदिंग?" सालुद हळूच म्हणाली.

पेर्लिताने बघितले. पण तिने माझी पट्टी बघितली, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक आकड्यावर पेन्सिल टेकवत. "बेरीज बरोबर आहे, मानांग," ती म्हणाली.

बेरीज बरोबरच होती.

सालुदने मान हलवली. "असू दे. तुझा काय दोष? पुढल्या वर्षी जाऊ." जाताना तिने पाला कोळंबी घालून कर म्हणून सांगितले.

पुढच्या वर्षी साथ आली आणि विमानेच बंद झाली. त्याआधीच, नाताळच्या दोन आठवडे आधी, रुफिनाला दिसायचे थांबले होते. सालुद रोज तिला फोन करायची आणि आपले केस किती पांढरे झालेत ते सांगायची. साथ आल्याच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, हॉटेलात चादरींची गाडी ढकलताना ती खाली बसली आणि उठली नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात सेलेस्तिना नावाची बस चालवणारी बाई उशिराने कागद घेऊन आली. तिचेही घरावर कर्ज होते. आधीच्या वर्षीचे कागद तिच्या दिराने भरले होते, आणि त्याने राज्याच्या फॉर्मवर ते व्याज वजा केले होते.

"तुझ्या दिरानं चूक केलीय," पेर्लिता म्हणाली.

"तो तर म्हणतो, राज्यानं तो बदल घेतलाच नाही. पुस्तिकेत आहे म्हणे."

पेर्लिताने पुस्तिका उघडली. एकदा वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. वॉशिंग्टनने बंद केलेली ती वजावट आमच्या राज्याने चालूच ठेवली होती. पहिल्या वर्षापासून.

सेलेस्तिना गेल्यावर तिने शेडचे दार ओढले आणि अगबायानींचे जुने कागद काढले. त्या मार्चच्या आकड्यांत तिने व्याज घातले, पाच हजार सहाशे. इतक्या वर्षांनी तो आकडा माझ्याकडे आला. मी खाली छापले: चारशे त्रेसष्ट डॉलर. पेर्लिताने कपाळ माझ्यावर टेकवले. तिच्या कपाळाने कळा दाबल्या गेल्या आणि मी कितीतरी वेळ नुसती शून्ये छापत राहिले.

दोन दिवसांनी तिने कासियानोला बोलावले. त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवली आणि सगळे सांगितले, काही न लपवता. मागे जाऊन दुरुस्ती मागता येते, पण तीन वर्षांपर्यंतच. नंतरच्या तीन वर्षांचे पैसे मिळतील. त्या पहिल्या वर्षाची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली होती.

कासियानोने पट्टीवरच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले.

"म्हणजे त्या वर्षी जमलं असतं," तो म्हणाला.

"हो, मानोंग."

"तिकीट निघालं असतं."

"हो."

"खिडकीपाशीचं?"

पेर्लिताने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "माझ्या हातून झालं. मी आता हे काम करणार नाही. मशीन पण देऊन टाकते."

"मग माझे कागद कोण करणार? तो हिलोचा कॉम्प्युटरवाला? तो मला मानोंग तरी म्हणेल का?" एवढे बोलून त्याने पट्टी फाडली, नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. कॉफी तशीच ठेवून तो पायात चपला घालू लागला. एक चप्पल पायात जाईना. पेर्लिता उठून मदत करायला गेली, तेव्हा तो तिच्या खांद्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. ती दोघे रडत असताना टेबलावरून मी बघत होते. माझ्यापाशी त्यांना द्यायला काही नव्हते.

पावसाळा संपायच्या सुमारास राज्याकडून तीन धनादेश आले. तिन्ही वर्षांचे कागद नवरा-बायकोचे एकत्र होते, म्हणून तिन्हींवर दोन नावे होती. कासियानो ते घेऊन बँकेत गेला, तर खिडकीमागच्या मुलीने आदबीने सांगितले, "दोघांच्याही सह्या लागतील. बाईसाहेब आल्यात का?" त्याने मृत्यूचा दाखला दाखवला. मग कागद होनोलुलूला परत गेले आणि पुढच्या महिन्यात त्याच्या एकट्याच्या नावाने आले. ते आल्यावर तो पेर्लिताला म्हणाला, "आधीचेच बरे होते. पाकीट उघडलं तर तिचं नाव दिसलं होतं."

त्या पैशांत थोडे घालून तो एकटाच इलोकोसला गेला. परत आल्यावर पेर्लितासाठी लसणाची वेणी घेऊन आला आणि माझ्या शेजारी ठेवून खुर्चीत बसला.

"रुफिनानं माझ्या तोंडावरून हात फिरवला," तो म्हणाला. "म्हणाली, मानोंग, तू तर नुसती हाडं राहिलास. मग म्हणाली, आता मानांग कशी दिसायची ते सांग. सगळं सांग. मी बसलो सांगायला. केस पांढरे होते म्हणालो. ते तिला ठाऊक होतं. हसली की डावीकडे खळी पडायची म्हणालो. ते तर लहानपणापासूनचं. ती वाट बघत राहिली, आदिंग. शेहेचाळीस वर्षं रोज बघितलेलं तोंड, आणि मला सांगताच आलं नाही. ती म्हणाली, असू दे. पण तिला ते नुसतं बघायचं होतं. बघितलं असतं म्हणजे झालं असतं."

पेर्लिताने त्याचा हात धरला. त्या दिवशी शेडमध्ये एकही आकडा दाबला गेला नाही.

आता पेर्लिताचे गुडघे दुखतात आणि बहुतेक लोक कागद फोनवरच भरतात. वर्षाचे नऊ महिने मी भाताच्या कुकरमागे फडक्याखाली असते. मार्च आला की मात्र ती मला बाहेर काढते. ती आधी राज्याची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचते, दर वर्षी, पाठ झाली तरी, आणि मगच माझ्या कळांना हात लावते. कासियानोच्या कर्जाची अजून सात वर्षे आहेत. तो येतो, व्याजाचा कागद पुढे ठेवतो आणि काहीच विचारत नाही. तेच मला सोसत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे शेवटी म्हणतात की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मला पुसले नाही तरी चालेल. पण तुमच्याकडे कुणी विश्वासाने एखादा कागद घेऊन आले आणि पुन्हा बघायला सांगितले, तर जे तुम्हाला येते तेच पुन्हा तपासू नका. जे पान तुम्ही उघडलेले नाही, ते उघडा. बाहेर सहा जण ताटकळत असले तरी उघडा. पाच मिनिटे लागतात. सालुदने आमच्याकडे तेवढीच मागितली होती.