वीतभर तुकडे

त्याला सगळे कचरामास्तर म्हणत, आणि त्यालाही या नावाचं काही वाटत नसे. शाळा, छापखाने, दुकानं, कचेऱ्या, जिथे बोलावतील तिथे जायचं, डबे उपडे करायचे आणि कुठला कचरा कुठे टाकायचा ते शिकवायचं, हेच त्याचं काम. माणूस भला, पण शिस्तीचा कहर. कागदी कप चुकीच्या डब्यात दिसला की मोठ्या साहेबांचीही तिथल्या तिथे हजेरी घ्यायचा.

घरी मात्र त्याची हजेरी घेणारं कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन सात महिने झाले होते. फोटो ढीगभर होते, आवाज कुठेच नव्हता. मोबाइल समोर धरला की ती तोंड फिरवायची, आणि या शहाण्याने कधी हट्ट धरला नाही. आता आठवायला बसला की तिचे ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. एक दिवस ओठही दिसेनासे होतील, अशी त्याने धास्तीच घेतली होती.

त्या दिवशी तो छापखान्यात कात्रणांच्या ढिगापाशी उभा असताना शाळेतल्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. बायको त्याच शाळेत शिकवायची.

"अहो भाऊजी, आत्ता आठवलं बघा. ताईंनी लहान वर्गासाठी गोष्टी टेप केल्या होत्या. सहा कॅसेट. संगीताच्या खोलीतल्या कपाटात असतील. मी आज रजेवर आहे, तुम्हीच जाऊन घ्या."

गडी हरखून गेला. पिशवी तिथेच टाकून निघाला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, आज मंगळवार, शाळेतली कपाटं रिकामी करायचा दिवस. तो दिवस कुणी ठरवून दिला होता? यानेच.

पटांगणात मुलं ओळीने बसली होती. लेबलं बादलीत भिजत होती. कॅसेटची कवचं पांढरी वेगळी, काळी वेगळी. आणि मधल्या टोपलीत तपकिरी फितीचे तुकडे. लांब फीत कारखान्यातल्या यंत्राला गुंडाळून बसते, म्हणून ती ओढून काढायची आणि वीतभर तुकडे करायचे, हे गेल्या महिन्यात यानेच फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर मुलं निम्मं तरी विसरली असती.

"काका, मोजून बघा, एकही मोठा नाही," कात्री धरलेली मुलगी म्हणाली.

तो टोपलीपाशी खालीच बसला. मूठभर तुकडे उचलून त्याने वेड्यासारखे कानाशी नेले. मुलं हसली. त्यांना वाटलं, काका गंमत करताहेत.

"यातली एखादी लावून ऐकलीत का गं?"

"एक ऐकली. एक बाई गोष्ट सांगत होत्या. मध्येच चुकल्या आणि हसतच सुटल्या."

"कशा हसल्या?"

मुलीने बिचारीने खूप आठवून पाहिलं. "सगळे हसतात तशाच," ती म्हणाली.

मग मात्र त्याला रडू आवरेना. सगळ्या पोरांदेखत तो हमसून हमसून रडला. मुलांची पाचावर धारण बसली. मुलीने कात्री हळूच खाली ठेवली.

"काका, आमचं काही चुकलं का?"

"नाही गं बाळा," तो म्हणाला, "अगदी शिकवलं तसंच केलंत."