नानांची बाजू

माझे सासरे नास्तिक होते, आणि फार चांगले नास्तिक होते. हे मुद्दाम सांगते, कारण मी दुसऱ्या प्रकारचेही पाहिले आहेत. चारचौघांत देवाला नावं ठेवायची आणि मुलीचं लग्न जमेनासं झालं की गुपचूप पत्रिका घेऊन हिंडायचं, असले. नाना तसे नव्हते. कराडच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. सासूबाईंची श्रद्धा होती म्हणून त्या गेल्या तेव्हा सगळे दिवस रीतसर करवून घेतले, भटजींना नीट दक्षिणा दिली, आणि स्वतः मात्र बाजूला खुर्ची टाकून बसले. नातेवाईक कुजबुजले. नाना म्हणाले, "तिचं तिच्या पद्धतीने झालं पाहिजे. माझं माझ्या."

त्यानंतर ते आमच्याकडे मोहालीला राहायला आले. माझा नवरा अविनाश डेराबस्सीच्या एका औषध कंपनीत आहे, आणि मी नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत प्रयोगशाळांचं सामान सांभाळते. माझा देव्हारा स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी. तो पाहून नाना पहिल्याच दिवशी म्हणाले, "सूनबाई, तुझ्या देवांशी माझं काही भांडण नाही. तुझ्याशी मात्र आहे." त्या दिवसापासून मी ऑफिसातून आले की चहाच्या कपावर आमचा वाद सुरू व्हायचा.

"देव आहे हे सिद्ध कर," नाना म्हणायचे.

"तो नाही हे तुम्ही सिद्ध करा."

"असं कसं? जो दावा करतो त्याने पुरावा द्यायचा. उद्या मी म्हटलं, तुझ्या ओट्याखाली एक अदृश्य शेळी बांधली आहे, तर ती नाही हे तू सिद्ध करत बसशील?"

"शेळी असती तर माझी मेथी उरली नसती."

"शाबास! म्हणजे तू परिणाम शोधलास. आता देवाचा परिणाम दाखव."

मी म्हणायचे, एवढं जग नियमाने चालतं ते कुणीतरी चालवतंय म्हणूनच. ते म्हणायचे, नियमाने चालतं म्हणून तर चालवणारा लागत नाही. आमच्या संस्थेत नवं यंत्र आलं की डॉक्टरेट झालेली माणसं त्याच्यापुढे नारळ फोडतात, हे एकदा मी त्यांना सांगून बसले. मग काय, आठवडाभर रोज विचारायचे, "काय गं, यंत्राने प्रसाद खाल्ला का?" अविनाश मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायचा. तो देवभोळा, पण वडिलांसमोर कधी बोलला नाही. आमची स्वानंदी चौदा वर्षांची, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. ती म्हणायची, "आप दोनों का मैच कभी खत्म होगा क्या?"

एकदाच मी त्यांना कोंडीत पकडलं. म्हटलं, "पुरावा नाही म्हणून देव आहे असं ठरत नाही, मान्य. पण मग नाही असं तरी कुठे ठरतं?" नानांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "नाही ठरत. शंभर टक्के नाही ठरत, शालिनी. पण पुरावा नसताना हो म्हणायचं नाही, एवढी एक शिस्त मी पाळली. भीती वाटली तेव्हासुद्धा पाळली." त्या दिवशी मी त्यांच्या चहात चोरून एक चमचा साखर जास्त घातली.

मग त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी शब्द गेले, मग सोसायटीच्या बागेतून घरी यायची वाट गेली, मग अविनाशचं नाव. डॉक्टर म्हणाले, जुनं सगळ्यात शेवटी जातं. लहानपण त्यांना तुमच्यापेक्षा जवळचं वाटेल. दिवसभर त्यांच्याजवळ राहायला आम्ही बलविंदर नावाची बाई ठेवली. तिनेच एक दिवस मला दारात गाठून सांगितलं, "दीदी, बाबाजी तां पाठ करदे ने!"

मी चपला न काढता आत धावले. नाना माझ्या देव्हाऱ्यासमोर उभे होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले. त्यांच्या आईने लहानपणी पाठ करून घेतलेलं स्तोत्र ते म्हणत होते. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं त्यांचा एक शब्द चुकत नव्हता. खरं सांगते, आधी मला आनंद झाला. जिंकले, असंच वाटलं. मग ते डोळे उघडून माझ्याकडे बघून हसले, आणि त्या हसण्यात मला चिडवणारं काहीच नव्हतं.

अविनाश मात्र हरखला. त्याने बहिणीला फोन केला, "आई असती तर आज धन्य झाली असती!" बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? गणपती जवळ आलेच होते. चंदीगडमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देवेंद्र साठे पेढे घेऊन घरी आले. हे गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, मनाने चांगले आहेत, पण माईक हातात आला की सुटत नाहीत.

"वहिनी, यंदा पहिल्या दिवशीची आरती नानांच्या हस्ते. जन्मभर देव नाही म्हणणारा माणूस शेवटी त्याच्या पायाशी आला. अहो, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?"

"पुरावा?" मी म्हटलं. "त्यांना चप्पल कुठली आणि भांडं कुठलं हे कळत नाही. उद्या त्यांनी चप्पल गॅसवर ठेवली तर तोही कशाचा तरी पुरावा धरायचा का?"

देवेंद्रभाऊ ओशाळले. अविनाश चिडला. ते गेल्यावर म्हणाला, "तू एवढी देवदेव करणारी, आणि तुलाच का टोचतंय? मला आयुष्यात एकदा वडिलांच्या शेजारी उभं राहून आरती म्हणायची आहे. एवढंही नको का?" त्याचं खोटं नव्हतं. लहानपणी देवळात जायचं तर तो आईचा हात धरून जायचा आणि नाना बाहेर चपला राखत उभे राहायचे.

पण मला चैन पडेना. नानांनी सासूबाईंचं त्यांच्या पद्धतीने केलं होतं. आता नानांचं त्यांच्या पद्धतीने करायचं कुणी? ज्याने केलं असतं तो माणूसच रोज थोडा थोडा जात होता. मग मी एक वेडेपणा सुरू केला. संध्याकाळी चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायचं आणि त्यांचीच बाजू मांडायची. वाटलं, आपलेच मुद्दे कानांवर पडले तर कुठेतरी काहीतरी पेटेल.

"नाना, देव आहे याला पुरावा काय?" मी विचारायचे.

"वा! आई म्हणते ना."

"आई म्हणते हा पुरावा झाला का?"

"मग पाऊस कोण पाडतं?"

मी त्यांना वाफेचं आणि ढगांचं सांगायचे. ते ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हो, पण त्या वाफेला वर जा असं कोण सांगतं?" अगदी माझ्यासारखं! मला हसू यायचं आणि रडूही. शेळीसुद्धा सांगून पाहिली. ते वाकून ओट्याखाली बघायला गेले.

एका संध्याकाळी मी फार पुढे गेले. मी म्हटलं, "नाना, देव नाही. तुम्हीच शिकवलंत मला." ते बारीक आवाजात म्हणाले, "देव नाही, तर माझी आई कुणापाशी आहे?"

सासूबाईंच्या दहाव्याला त्यांच्याबद्दल मी नानांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी तेव्हा दिलेलं उत्तर माझ्या तोंडून जसंच्या तसं निघून गेलं, "कुणापाशीच नाही. होती, आता नाही."

नानांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. जत्रेत हात सुटलेलं पोर रडतं, तसे. मी त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पण ते थांबेनात. शेवटी हाताला धरून देव्हाऱ्यासमोर नेलं तेव्हा शांत झाले. स्वानंदी दारात उभी होती. म्हणाली, "मम्मा, क्यों रुला रही हो उनको? जीतना जरूरी है क्या?"

"मी जिंकत नाहीये गं," मी म्हटलं. "मी त्यांना हरू देत नाहीये."

"लेकिन रो तो वही रहे हैं ना."

त्या पोरीचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी वाद बंद केला. पण त्या आरतीचं काय करायचं, ते मला समजत नव्हतं. नानांना तिथे उभं करावं तर ज्या माणसाने भीतीतही शिस्त मोडली नाही त्याचा तमाशा होणार. न न्यावं तर टाळ-झांजा ऐकून ज्याचा चेहरा फुलतो त्या म्हाताऱ्याला घरात कोंडायचं, आणि अविनाशची ती एक इच्छाही मोडायची.

गणेश चतुर्थीच्या दुपारी मी त्यांचा झब्बा इस्त्री करत होते. नाना बाल्कनीत बसले होते. एकदम त्यांचा आवाज आला, जुना, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हा झब्बा कशासाठी, शालिनी?"

कित्येक दिवसांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. मी इस्त्री बंद केली आणि त्यांच्यापाशी जाऊन बसले. असे क्षण येतात आणि फार टिकत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मंडळात जायचंय. तुमच्या हस्ते आरती आहे."

"माझ्या?" मग त्यांनी हळूच विचारलं, "मी हल्ली हात जोडतो का गं?"

एकदा वाटलं, नाही म्हणावं. पण या माणसाशी मी कधी खोटं बोलले नव्हते, आता कुठे सुरुवात करू?

"हो नाना. रोज."

"आणि काय करतो?"

"स्तोत्र म्हणता. सगळं. न चुकता."

"आईने छडी घेऊन पाठ करून घेतलं होतं," ते म्हणाले. मग स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. "मला हात जोडल्याचं आठवत नाही."

"मी थांबवू का तुम्हाला? आत्ता सांगा नाना, नंतर विचारता येणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन."

विद्यार्थ्याचं उत्तर तपासताना करत असतील तसा विचार त्यांनी केला. "तेव्हा जो असतो, तो... घाबरलेला असतो का?"

"हो. हात जोडले की शांत होतो."

"मग जोडू दे. घाबरलेल्या पोराकडे कुणी पुरावा मागतं का?" त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "पण ते माझं मत म्हणून धरू नका. आणि कुणाला धरू देऊ नकोस."

"नाही देणार."

"तू देवाची माणूस. तुला जड जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. मग त्यांना चहा टाकायला उठले. चहा घेऊन परत आले तर ते विचारत होते, आई आली का. त्यानंतर ते नाना पुन्हा कधी मला भेटले नाहीत.

संध्याकाळी आम्ही कॅबने कम्युनिटी सेंटरला गेलो. मंडप भरलेला होता, आणि नाना झब्ब्यात आनंदाने इकडेतिकडे बघत होते. वाटेत मी अविनाशला दुपारचं सगळं सांगितलं होतं. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. देवेंद्रभाऊंनी माईक घेतला आणि सुरू झाले, "मंडळी, जन्मभर देव नाही असं म्हणणारे आपले नाना आज..."

मी पुढे गेले आणि माईक त्यांच्या हातातून घेतला.

"माझे सासरे आज आलेले नाहीत," मी म्हटलं. लोक नानांकडे बघायला लागले. "त्यांनी निरोप दिला आहे. देव असल्याचा पुरावा त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि पुरावा नसताना ते हो म्हणणार नाहीत. त्यांच्या जागी त्यांच्या आईचा शांताराम आला आहे. तो फार लहान आहे. त्याला आरती येते आणि ती केली की त्याची भीती जाते. त्याला करू द्या. बाकी काही बोलू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवेंद्रभाऊ मान खाली घालून बाजूला झाले. मला वाटलं, अविनाश आता निघून जाईल. पण तो पुढे आला, त्याने तबकातली निरांजनं लावली आणि तबक नानांच्या हातात देऊन खालून स्वतःचा हात धरला. "सांभाळून हं बाळा, भाजेल," तो म्हणाला. रडत रडत म्हणाला.

नानांनी मोठ्याने आरती सुरू केली. अविनाश त्यांच्या शेजारी उभा राहून म्हणत होता, आणि मागून सगळा मंडप म्हणायला लागला. माझा देवावर विश्वास आहे, तेव्हाही होता, आणि गणपती माझ्यासमोर दोन हातांवर होता. पण तिथे सगळेच हात जोडून उभे होते, आणि नानांच्या बाजूने कुणीतरी एक जण असायला हवं होतं. मी हात खाली सोडून उभी राहिले, आणि आरती संपेपर्यंत तशीच रडत राहिले.