गुडघाभर हवा

“वहिनी, तिथे पोरीला खाली उतरवू नका. कडेवरच घ्या,” मेणबत्तीकाका म्हणाले होते आणि तिने हसून मान डोलावली होती.

तेव्हा ती मंडळी कंपनीच्या वसाहतीत नुकतीच राहायला आली होती. नवरा खनिज पाण्याच्या कारखान्यात मेकॅनिक. वसाहतीची भिंत संपली की थोडा चढ, मग तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे एक खळगा. परातीसारखा पसरट, तळाशी मऊ हिरवळ. दिसायला इतका देखणा, की पोराबाळांनी खेळायला जावं. पण तिथे कधी कोणी खेळताना दिसायचं नाही. सकाळी सकाळी फक्त कारखान्याचे एक पहारेकरी फेरी मारायचे. त्यांच्या हातात लांब काठी असे. काठीच्या टोकाला आकडा, आकड्याला पत्र्याचा डबा आणि डब्यात पेटती मेणबत्ती. मुलांनी त्यांचं नाव मेणबत्तीकाका ठेवलं होतं, आणि मोठी माणसंही तेच म्हणत.

“असं काय आहे हो तिथे?” तिने विचारलं होतं.

“हवा बसते.”

“बसते म्हणजे?”

“आपल्या बाटलीत जो बुडबुडा असतो ना, तोच वायू इथे जमिनीतून वर येतो. साध्या हवेपेक्षा जड. वारा नसला की खळग्यात साचून राहतो, पाण्यासारखा. ऊन चढलं, वारा सुटला, की जातो उडून.” काकांनी आपल्या गुडघ्यावर तळहात आडवा धरला. “इथवर येतो. तुम्ही-आम्ही उभ्यानं चालत गेलो तर कळतसुद्धा नाही. पाखरं उतरतात किडे टिपायला, ती तिथेच राहतात.” मग तोच हात त्यांनी हवेतून सरळ नेला आणि शेजारी उकिडव्या बसलेल्या तिच्या पोरीच्या, भिंगरीच्या, हनुवटीखाली धरला. “आता बघा, हिच्या कुठवर येतो.”

भिंगरी खुदकन हसली. तिला वाटलं, काका गुदगुल्या करणार.

“आणि मेणबत्ती कशाला?”

“ज्योत विझली की मागे फिरायचं. बस, एवढंच शास्त्र.”

आईच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण तो काटा भीतीचा नव्हता, आनंदाचा होता. तिने पर्समधून छोटी वही काढली आणि तिथेच उभ्या उभ्या सगळं टिपून घेतलं. काकांचा इशारा वहीत गेला. डोक्यात काही उतरला नाही.

कारण ती मुलांच्या एका पाक्षिकात अद्भुतकथा लिहायची. जगात जे खरोखर घडतं पण खरं वाटत नाही, ते उचलायचं आणि त्यावर गोष्ट रचायची, ही तिची पद्धत. वाळवंटात आपोआप सरकणारे दगड, गुणगुणणाऱ्या वाळूच्या टेकड्या, अंधारात उजळणाऱ्या लाटा. आणि आता तर असली चीज थेट घराच्या मागच्या अंगणात!

तसं पाहिलं तर तिच्याइतकी सावध आई अख्ख्या वसाहतीत नव्हती. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय भिंगरीच्या तोंडात द्राक्ष जायचं नाही. विजेच्या प्रत्येक प्लगवर चिकटपट्टी. काड्यापेटी सगळ्यात वरच्या फळीवर. नवरा चिडवायचा, “उद्या उशीला पण हेल्मेट घालशील!” स्वयंपाकघराच्या चौकटीवर ती दर महिन्याला भिंगरीची उंची पेन्सिलीने आखायची, शेजारी तारखेसकट. म्हणजे पोरीचं नाक जमिनीपासून नेमकं किती उंचावर आहे हे जगात कोणाला ठाऊक असेल तर ते हिला. तरी तिने तो हिशेब कधी मांडला नाही.

गोष्टीचं नाव होतं ‘निजदेश’. पहिला खर्डा संपादकबाईंना पाठवला, तर दुसऱ्याच दिवशी फोन.

“छानच जमलीय हो! फक्त ते मेलेले पक्षी नकोत. पालकांची पत्रं येतात मग. झोपलेले चालतील.”

“झोपलेले करते,” ही म्हणाली. तिलाही ते जास्त गोड वाटलं.

मग पक्षी झोपले. खळग्याच्या तळाशी एक अदृश्य राणी आली, पांघरूण घालणारी. ऊन पडायच्या आत जो दिवा घेऊन येईल त्याच्यासाठी ती दार उघडणार. दार उघडल्याची खूण काय? तर ज्योत आपणहून विझते. मग गुडघे टेकायचे, पाखराच्या कानाशी तोंड न्यायचं आणि हळूच फुंकर घालायची. मनात कपट नसलेल्या मुलाची फुंकर लागली की पाखरू जागं होतं.

काकांनी सांगितलेलं एकूण एक खरं त्या गोष्टीत होतं. फक्त उलटं करून.

अंक आला, कौतुक झालं. भिंगरी आता सहा वर्षांची होती. ती गोष्ट तिने आईकडून इतक्या वेळा वाचून घेतली की नवरा म्हणाला, “तुझ्या त्या राणीला सांग, एक दिवस माझा डबाही भरून दे.” एका वाचक मुलीचं पत्रही आलं, टपोऱ्या अक्षरातलं. आईने पाकीट फाडून केराच्या डब्यात टाकलं आणि पत्र फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं. येता-जाता त्याच्याकडे बघून तिचा ऊर भरून यायचा.

त्या सकाळी धुकं होतं. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. खिडकीबाहेरच्या दोरीवरचे कपडे जराही हलत नव्हते, हे तिला दिसलं आणि वारा नाही, आज काही वाळायचं नाही, एवढाच विचार तिच्या मनात आला.

“भिंगरे, ऊठ आता!”

तिने तव्यावरची पोळी उलटली.

“उठतेस की येऊ पाणी घेऊन?”

हात पुसत ती आतल्या खोलीत गेली. अंथरूण रिकामं. न्हाणीघर रिकामं. दाराशी भिंगरीचे बूट नव्हते. परत स्वयंपाकघरात आली तेव्हा तिला ते स्टूल दिसलं, फळीखाली ओढलेलं. त्यावर तिचा स्वतःचा जाडजूड शब्दकोश आडवा ठेवलेला, उंची पुरावी म्हणून. वरच्या फळीवर काड्यापेटी नव्हती. वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्त्यांची डबी उघडी पडली होती.

तिने चौकट धरली. हाताखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या.

गॅस बंद केला की नाही, पायात काही घातलं की नाही, तिला पुढे कधीच आठवलं नाही. आठवतं ते धावणं. दोन इमारतींमधली बोळ, सायकलींची रांग, भिंतीतली फट. ऊन पडायच्या आत. ज्योत आपणहून विझते. गुडघे टेकायचे. स्वतःचीच वाक्यं एकामागून एक डोक्यात येत होती, आणि पुढचं वाक्य काय आहे ते तिला पाठ होतं.

कुंपणाची खालची तार वाकलेली होती. पलीकडे खळग्याच्या उतारावर लाल स्वेटर दिसला.

भिंगरी गुडघे टेकून होती. कपाळ गवताला टेकलेलं, पाठीवर शाळेची पिशवी. नमस्कार करताना मूल जसं मध्येच झोपून जावं तशी. तिच्या तोंडापुढे एक छोटं राखाडी पाखरू आणि शेजारी कलंडलेली गुलाबी मेणबत्ती. विझलेली.

“वहिनी!” डावीकडून चढावरून काका धापा टाकत येत होते. “वाकू नका! वहिनी, वाकायचं नाही!”

ती तोवर तारेतून आत गेलीही होती. थंडी तिला घोट्यांना जाणवली, मग पोटऱ्यांना. गुडघ्याच्या वर मात्र नेहमीची सकाळ होती, ओल्या गवताच्या वासाची. उभ्याने पोरीपर्यंत पोहोचली. पण जमिनीवर पडलेल्या लेकराला कुठल्या आईने उभ्याने उचललंय? श्वास रोखून धरावा म्हटलं तर धावून धावून भाता फुटायला आलेला. ती वाकली. पिशवीच्या पट्ट्यात हात घातला, आणि छातीने तिचं न ऐकता एक घोट आत ओढला.

नाकात सोड्यासारखी आंबट झिणझिण झाली. तेवढंच. मग गुडघ्यांतलं बळ निघून गेलं, आणि काय गंमत, तिला वाटलं, जरा बसावं.

“उभ्या राहा! वर बघा, माझ्याकडे!”

डोळ्यांसमोरून काठी गेली. आकडा पिशवीच्या पट्ट्यात अडकला. मेलेली पाखरं, मांजरं ओढून काढायचा तो आकडा. त्याने भिंगरी गवतावरून वर घसरत निघाली. आईने ती काठीच धरली आणि काठीबरोबर तीही वर आली.

काकांनी पोरीला कुंपणाबाहेर, चढावर आडवं केलं. ओठ जांभळे. हात लुळे. काकांनी तिची मान मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडातून फुंकर घातली. एकदा. दोनदा. पाचव्यांदा. आई बघत होती. फुंकरीने जागं होण्याची गोष्ट तिनेच लिहिली होती, आणि आता ती मनातल्या मनात त्याच गोष्टीची करुणा भाकत होती.

भिंगरी खोकली. मग ओकली. मग रडली. इतकं सुंदर रडणं आईने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

कंपनीच्या डॉक्टरांनी तासभर प्राणवायू लावून ठेवला. “आणखी दोन मिनिटं उशीर झाला असता ना...” ते म्हणाले. काका दाराशी काठी घेऊन उभे होते. त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी भिंगरी उशीला टेकून बसली आणि फुरंगटून म्हणाली, “तू का ओढलंस मला? दार उघडलं होतं. ज्योत विझली होती ना!”

“अगं, ते खोटं होतं. मी रचलं होतं.”

“मग छापलं कसं?” भिंगरी म्हणाली. “सगळ्या मुलांनी वाचलंय. त्यांना कुठे माहीतेय खोटं आहे ते?”

आई उठली आणि स्वयंपाकघरात फ्रिजपाशी गेली. दीड महिना जे पत्र बघून तिचा ऊर भरून येत होता, ते तिने आज नीट वाचलं.

‘प्रिय लेखिकाताई, निजदेश फार आवडला. आमच्या घरामागे पण आहे. जुनी कोरडी विहीर आहे, तिला पायऱ्या आहेत. खाली गार गार लागतं आणि एक कबूतर झोपलंय. परीक्षा संपली आणि सुट्टी लागली की मी पहाटे मेणबत्ती घेऊन जाणार. कोणाला सांगणार नाही. तुमची लाडकी वाचक, इयत्ता तिसरी.’

नाव नाही. गाव नाही. पाकिटावर शिक्का असणार, पण पाकीट केव्हाच केरात गेलेलं.

तिने संपादकबाईंना फोन लावला.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या अंकात ठळक चौकट टाकू आपण.”

“पुढचा अंक कधी?”

“पंधरा दिवसांनी.”

“सगळ्या शाळांना सुट्टी परवा लागतेय.”

तिने फोन ठेवला.

मग ती टेबलाशी बसली. शेजारच्या खोलीत भिंगरीचा श्वास चालू आहे ना, हे दर दोन मिनिटांनी उठून बघत तिने हे सगळं लिहून काढलं. न सजवता, न गोड करता, पक्षी मेलेले होते तसे मेलेलेच ठेवून. आणि ज्या कोणाच्या हाती पडेल त्याच्यासाठी शेवटी एवढं लिहिलं:

“तुमच्या घरामागे, शेजारी, ओळखीत कुठे पायऱ्यांची कोरडी विहीर असेल आणि जवळपास तिसरीत शिकणारी, टपोऱ्या अक्षरात लिहिणारी एक मुलगी असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आधी ती कुठे आहे ते बघून या. घरात असेल तर जवळ घ्या आणि सांगा, लेखिकाताई चुकली, पाखरू झोपलेलं नाही. अंथरुणात नसेल तर विहिरीकडे धावा, पण एकटे उतरू नका. आधी माणसं बोलवा, दोर आणा. उठा, आत्ता जा. बघून या.”