मैदानातलं गाणं आणि माझा सैल पट्टा

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत, पण जाणूनबुजून मी कधी कुणाशी खोटं बोललो नाही. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एका वेळी दोन कॅसेट बसतील असे दोन कप्पे मला आहेत. माझा चंदेरी रंग केव्हाच उडाला आणि एक बटण तर आगपेटीच्या काडीने दाबावं लागतं. तरी चारकोपच्या एका बैठ्या घरात, खिडकीशेजारी, मला मानाची जागा आहे.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा जोडल्या. काम करताना ती हळू आवाजात गुणगुणत असे. मी ऐकलेलं ते पहिलं गाणं. तिचे उपकार मी विसरलो नाही.

मला विकत आणलं भाऊरावांनी. ते सांताक्रूझच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करत. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना त्यांना पिशवीभर इंग्रजी रॉकच्या कॅसेट दिल्या. त्या ऐकायच्या म्हणून मी घरात आलो. भाऊरावांना इंग्रजी येत नव्हतं. मराठी अक्षरंसुद्धा त्यांना चाळिशीत त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी शिकवली. पहिला धडा कॅसेटवरच्या चिठ्ठ्यांचा होता. गाण्यांची खरी नावं कुणाला ठाऊक? जिथे गिटार बादली खोल सोडल्यासारखी उतरत जाते, ते झालं ‘विहिरीचं गाणं’. स्टुडिओत मुद्रित केलेलं ते ‘खोलीतलं’ आणि हजारो लोकांसमोर वाजवलेलं ते ‘मैदानातलं’. वाकड्यातिकड्या अक्षरांच्या त्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत.

दर रविवारी सकाळी दशरथ येत. मूळचे मालवणचे. गिरणीत साच्यांवर कापड विणण्यात त्यांची उमर गेली. गिरणी बंद झाल्यावर ते चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत रखवालदार झाले आणि चारकोपलाच राहणाऱ्या भाऊरावांशी त्यांची गट्टी जमली. रिवाज ठरलेला होता. खोलीतली कॅसेट उजव्या कप्प्यात, मैदानातली डाव्या. एकच गाणं आधी इकडे, मग तिकडे वाजवायचं आणि चहा संपेपर्यंत वाद घालायचा.

“खोलीतलंच खरं. एक सूर इकडचा तिकडे नाही,” भाऊराव म्हणत.

“तुका काय कळता?” दशरथ म्हणत. “मैदानातलो जीव तोडून गाता. समोर माणसां आसत त्याच्या!”

आतून सुंदराबाई ओरडत, “एकच गाणं दोनदा ऐकता, तर भांडी पण दोनदा घासा!”

असे सुखाचे दिवस होते. पुढे घरात नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर गेलो. सात-आठ वर्षं धूळ खाल्ली. पण भाऊराव निवृत्त झाले आणि सुंदराबाईंनीच मला खाली काढून पुसलं. “घ्या. तुमचं तोंड उतरलेलं बघवत नाही,” म्हणाल्या. पुन्हा रविवार सुरू झाले.

आणि मग ते घडलं. विहिरीचं गाणं डाव्या कप्प्यात वाजत होतं. दशरथांनी कान टवकारले.

“भावा, हो गाणारो दिवसेंदिवस हळू होत चाललो आसा. गळो बसलो हेचो. आदी आवाज असो नव्हतो.”

भाऊराव हसले. “कॅसेटमधला माणूस म्हातारा होतो काय रे? गिरणीच्या खडखडाटानं तुझेच कान गेलेत. बहिऱ्याला काय खोली नि काय मैदान!”

दशरथांनी अर्धा कप चहा खाली ठेवला. चपला घातल्या आणि गेले. तो रविवार गेला, पुढचा गेला, असे चार रविवार गेले. भाऊराव दोन्ही कॅसेट लावत, पण वाद घालायला कुणी नव्हतं. दाराकडे बघत ते मलाच मध्येच बंद करत. मित्रांनो, तेव्हा मला फार लागलं. कारण खरं काय ते माझ्या पोटात होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

शेवटी त्यांची सून नीलम म्हणाली, “बाबा, मोबाईलला खोलीतलं गाणं ऐकवून नाव शोधलं, तर तुमचं मैदानातलंही मिळालं. ऐका ना.”

भाऊरावांनी ऐकलं आणि ते चकित झाले. “अगं, हे तर पळतंय! खोलीतल्यापेक्षाही जलद. मग आपलं का रेंगाळतं?”

नीलमने पेचकस घेऊन माझं झाकण उघडलं. डाव्या कप्प्याचा रबरी पट्टा सैल पडून चाकावर घसरत होता. वर्षागणिक तो ढिला होत गेला आणि गाणारा बिचारा हळू नि जड होत गेला. दशरथांनी ऐकलं ते अगदी खरं होतं.

“बाबा, दशरथकाकांचे कान झकास आहेत. वाट लागली होती ती पट्ट्याची,” नीलम म्हणाली.

तो सैल पट्टा सदऱ्याच्या खिशात घालून भाऊराव तसेच निघाले. तासाभराने दोघे म्हातारे बरोबरच दारात आले. दशरथांच्या बोटात पट्टा अंगठीसारखा गुंडाळलेला होता.

“तीस वर्सां साच्याचे पट्टे आयकलंय मिया,” ते सुंदराबाईंना सांगत होते. “पट्टो सैल झालो की झोपेतसुद्धा कळायचा. आणि हो पट्टो समोर असान वळखलंय नाय!”

“आणि मी तुला बहिरा म्हणालो,” भाऊराव म्हणाले. “चुकलं रे माझं.”

“ऱ्हव दे. चाय पुरी दी. त्या दिसाची अर्धी बाकी आसा.”

नीलमने नवा पट्टा बसवला. विहिरीचं गाणं सुरू झालं. बादली सरसर उतरली, लोकांचा गलका उसळला.

“मेलो तरणो झालो रे!” दशरथ ओरडले.

गाणं संपलं. भाऊराव म्हणाले, “मैदानातलंच भारी आहे, यार.”

दशरथांनी मान हलवली. “छ्या! फार घाई करता. खोलीतलाच बरा.”

सुंदराबाईंनी कपाळावर हात मारला आणि चहाचं आधण ठेवलं.

मित्रांनो, तो जुना पट्टा माझ्या मुठीला बांधलेला आहे. ज्यांनी मला जोडलं, पुसलं, उघडून पाहिलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. त्याचं गाणं कधी रेंगाळलं, तर ऐकणाऱ्याच्या कानांना नावं ठेवू नका. आधी झाकण उघडून बघा.