पिल्लांवर टाकलेला गळ

मासा मला आवडतो तो ताटात. पाण्यातला मासा, तो धरायची ती आयुधं आणि त्यापायी घरात साठणारी घाण, या सगळ्याचा मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी वीट आला होता. आमच्या यांना मात्र दुसरं काही सुचायचंच नाही. अंबरनाथच्या फॅक्टरीत फोरमन होते, सगळे दिनानाथराव म्हणून मान द्यायचे, आणि हा माणूस घरी आला की परसात उकिडवा बसून गांडुळं उकरायचा. एकदा रिकामा म्हणून मी चहाचा डबा उघडला, तर आत ओल्या मातीत गांडुळांचा नुसता गुंता. शी, मेलं ते आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो. त्या दिवशी मला घास गेला नाही.

गांडुळं एकवेळ परवडली. माझ्या तपेल्यात ओलं फडकं बांधून बेडूक ठेवायचे, मरळ माशाला आमिष म्हणून. माझ्याच पातेल्यात ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा करून त्यात रेशमी दोरा उकळायचे, म्हणजे तो पाण्यात कुजत नाही म्हणे. पातेलं कायमचं तांबडं झालं. बांबूची काठी कार्तिकात स्वतः तोडून आणायची, चुलीच्या धुरावर टांगायची, मग करंजाचं तेल चोळत बसायचं. पोरीच्या केसांना कधी इतकं तेल लावलं नसेल. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे. घसरलं की पुन्हा कानस घ्यायची, नखावर अडकलं की गडी खूश. एकदा मीनलसाठी साडी आणायला उल्हासनगरला पाठवलं, कॅम्प नंबर तीनच्या बाजारात. तिथल्या सिंधी दुकानदाराकडे नायलॉनचा नवा दोरा दिसला. झालं, साडी राहिली तिथेच आणि दोरा आला घरी, आणि त्या दोऱ्याला पाण्याची बादली टांगून हे अंगणात टाळ्या वाजवत होते.

मीनल आमची एकुलती एक. दोन स्थळं लोंबकळून लोंबकळून तुटली होती, आणि शेजारणी आता मला विचारायचंही थांबल्या होत्या. त्यानंतर ठाण्याच्या विष्णुपंतांचं स्थळ आलं. स्वतः सरकारी हुद्द्यावर, मुलगा नागपूरला नोकरीत. मुलाने वैशाखात मीनलला पाहिली, पसंत केली. मीनल गुणगुणत भांडी घासायला लागली, त्यावरून मी समजले. हुंडा नको असंही विष्णुपंत आपणहून म्हणाले होते. फक्त होकार त्यांच्या तोंडून यायचा होता आणि तो काही केल्या येत नव्हता.

मग त्यांना कळलं, मुलीचा बाप गळ टाकतो. ते स्वतः मोठे शौकीन. निरोप आला, की श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी तुमच्या बदलापूरच्या तळ्यावर बसू, मुलीच्या हातचं जेवू आणि तिथेच काय ते बोलून टाकू. बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या अंगाला आमची थोडी जागा होती. यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली. एक आंब्याचं झाड, काट्यांचं कुंपण आणि कुंपणापलीकडे ते तळं. नोकरी संपली की तिथे दोन खोल्या बांधायच्या, एवढंच आमचं स्वप्न.

निघण्यापूर्वी मी यांना नीट बजावलं. मासा पाहुण्यांनी धरायचा, तुम्ही काठी पाण्यात घालायची नाही, आणि शहाणपण शिकवायला तर मुळीच जायचं नाही. पोरीचं कल्याण व्हायचं असेल तर आजच्या दिवस तोंडाला कुलूप घाला म्हटलं. ते बरं म्हणाले. तरी सवयीप्रमाणे बेडकांचं तपेलं घेतलंच बरोबर.

विष्णुपंत आले ते जोधपुरी विजार, डोक्यावर साहेबी टोपी आणि पायात चामडी बूट अशा थाटात. तीन तुकड्यांची विलायती काठी कॅनव्हासच्या पिशवीतून निघाली, तिला दोरा गुंडाळायची पितळी चरखी, आणि एक पेटी. पेटीत आमिष म्हणून टिनाचे रंगवलेले बेडूक, पिसं लावलेले मासे, चकाकते चमचे. एकेक वस्तू ते मला दाखवत होते आणि मी वा वा म्हणत होते. खरं तर मला बरंच वाटलं. निदान पाहुण्यांचं सामान स्वच्छ तरी आहे, गांडुळं नाहीत.

पण मासे धरायचं म्हणाल तर आनंदच होता. बूट आपटत काठावर जायचे, सूर्य पाठीशी घ्यायचे, म्हणजे सावली धाडकन पाण्यावर. चरखी करकरायची. टिनाचा बेडूक कमळाच्या पानांत अडकायचा, मग ते पान मुळापासून उपटून काढायचे आणि तळ्याला शिव्या द्यायचे. इतकी वर्षं यांचं ऐकून ऐकून मलासुद्धा कळत होतं, की असं केलं तर मरळ जवळ फिरकणार नाही. हे आंब्याखाली बसून गवताच्या काड्या मोडत होते. एकदाच न राहवून म्हणाले, की जरा उन्हाकडे तोंड करून बसलात तर बरं. मी डोळे वटारले तसे गप्प झाले.

दुपार कलायला लागली. मीनलने केलेली सोड्याची खिचडी गार होत होती आणि विष्णुपंतांचा चेहरा तापत होता. हा माणूस असा रिकाम्या हाताने, चिडून परत गेला तर होकार कसला देतोय. मनातल्या मनात मी देवाला म्हटलं, एवढा एक मासा लाव रे बाबा याला.

तेवढ्यात बांधाच्या कोपऱ्यात पाणी लाल झालेलं दिसलं. कुणी कुंकू सांडावं तसा पुंजका, आणि तो हलत होता. बारीक बारीक बुडबुडे येत होते. हे ताडकन उठले आणि चक्क पाहुण्यांच्या आणि त्या पुंजक्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. वरच्या अंगाला जाऊ म्हणाले, इथे काही नाही.

यांच्याकडून ऐकून ऐकून मला ते पाठ होतं. मरळीची पिल्लं असतात ती. दम घ्यायला सगळी एकदम वर येतात, आणि खाली आई नाही तर बाप राखणीला असतो, बहुतेक वेळा बापच. पोरांना सोडून तो लांब जात नाही, धड खातही नाही. त्याच्या पिल्लांवरून काही गेलं की तो तोंड उघडून धावून येतो. म्हणून पिल्लांवर गळ टाकायचा नाही. यांनी जन्मात कधी टाकला नाही आणि टाकणाऱ्याच्या पंगतीला बसले नाहीत. बाप गेला की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

मला वाटलं, पाहुण्यांना हे ठाऊक नसेल. विष्णुपंतांनी यांना कोपराने बाजूला केलं आणि हसले.

"दिनानाथराव, आम्हाला काय अगदीच नवखे समजलात? पिल्लं दिसली म्हणजे बाप आपलाच."

हे माझ्याकडे वळून बघायला लागले. त्यांनी असं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी मान खाली घालून डब्याचं झाकण काढलं.

जो टिनाचा बेडूक सकाळपासून कुणी हुंगला नव्हता, तो पुंजक्यावरून एकदाच गेला. पाणी फुटलं. चरखी किंचाळली आणि हातभर लांब, काळाभोर मरळ बांधावर येऊन आपटला. विष्णुपंतांनी त्याला दगडाने मारून मोकळंही केलं नाही. कल्ल्यातून दोरी ओवली आणि आंब्याच्या बुंध्याला बांधून ठेवला, ताजा राहतो म्हणे. मरळ पाण्याबाहेरही तासन्‌तास जगतो. तो तिथे तोंडाची उघडझाप करत पडला आणि आम्ही त्याच्या शेजारी पानं मांडली.

हात पाण्यात नुसते बुडवून विष्णुपंत पानावर बसले. नखांत माशाचा बुळबुळीत चिकटा तसाच. त्याच हाताने खिचडी कालवली, बोटं चोखली, मीनलला सुगरण म्हणाले आणि आणखी वाढ म्हणाले. यांची गांडुळं बघूनसुद्धा मला कधी इतकं मळमळलं नव्हतं. तरी मी हसून वाढत होते. होकार आता तोंडाशी आला होता.

मीनल हंडा घेऊन विहिरीकडे गेली, तेव्हा ते बोलायला लागले. मुलगी पसंत, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरू. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आंब्याच्या झाडाकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं आणि जागा छान आहे म्हणाले. हुंडा आम्ही घेत नाही, पण ही जागा मुलाच्या नावावर करून टाका. लग्नाआधीच, म्हणजे मागाहून कुरबुर नको. यांनी नुसतं बघितलं. विष्णुपंत ढेकर देऊन म्हणाले,

"विचार कसला करता? पोरीसाठी बाप नाही म्हणतच नाही. आम्हाला ठाऊक आहे ना."

तिकडे बांधाच्या कोपऱ्यात पाणी खळबळत होतं. मघाचा पुंजका आता तळहाताएवढा राहिला होता, आणि खालून सारखं काहीतरी येऊन त्यातला घास नेत होतं. इकडे दोरीला बांधलेला तो तोंड उघडत होता, मिटत होता. आणि मी यांच्याकडे पाहिलं. जन्मभराची ती जागा, त्या दोन खोल्या, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. त्यांनी तोंड उघडलं. हो म्हणायलाच.

"नाही," मी म्हटलं.

पुरुषांच्या बोलण्यात मी मध्ये कधी पडले नव्हते. विष्णुपंतांना वाटलं, मी जागेला नाही म्हणते. समजूत घालायला लागले, वहिनी, वहिनी करून. मी सांगितलं, जागेचं नाही, मुलगीच द्यायची नाही. तुमच्या घरात नाही. खिचडी पोटभर खा आणि या.

काय काय बोलले ते. पोर जन्मभर घरात बसेल, दुसरं कोण येतंय बघू, आणखीही. मी पानं गोळा करत राहिले. त्यांनी पेटी भरली, काठी पिशवीत घातली आणि मासा न्यायला दोरी सोडू म्हणून वाकले, तर हे मध्ये उभे. विष्णुपंतांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोरीवरचा हात काढून घेतला. बूट आपटत निघून गेले.

मीनल हंडा घेऊन परत येत होती, तिने त्यांना जाताना पाहिलं. तिला सांगायला लागलंच. तिने हंडा खाली ठेवला आणि बाजूला जाऊन पाठमोरी उभी राहिली. त्या नागपूरच्या मुलाचा यात काय दोष होता, ते मला आजही सांगता येत नाही.

यांनी दोरी कापली. मरळाला दोन्ही हातांत धरून कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि पुंजक्याशी सोडला. किती उरली होती पिल्लं, देव जाणे. तो खाली गेला आणि खळबळ थांबली. एवढंच मी पाहिलं.

बांधावरून स्टेशनकडे येताना मीनल पुढे होती. यांची विजार चिखलाने माखलेली, अंगाला माशाचा वास, हातात बेडकांचं तपेलं. किळसच आली मला, खोटं कशाला बोलू. त्यांनी हळूच विचारलं,

"अगं, मी हो म्हणणार होतो. तू नाही का म्हणालीस?"

"तुम्ही तोंड उघडलंत म्हणून."

मग मी त्यांच्या हातातलं तपेलं घेतलं आणि बेडूक शेतात ओतून दिले.